पदरातल्या पुडीतली साखर

आमच्या अंगणवाडीत येणाऱ्या बाया मला अजून विचारतात, "बाई, त्या दिवशी मोहाच्या झाडाखाली तुमाले झालं काय होतं?" प्रत्येकीला नव्याने सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून टाकते. ज्यांच्या घरात इन्सुलिनची सुई आहे आणि साखरेचा डबा नाही, त्यांनी तर वाचावंच. मी डॉक्टर नाही. दिघोरीजवळच्या एका गावात बावीस वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे. पोरांना वजनकाट्यावर बसवणं आणि त्यांना काय खाऊ घालायचं ते त्यांच्या आयांना सांगणं हे माझं काम. माझ्या घरात मात्र जे सांगायला हवं होतं नेमकं तेच मी सांगितलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. ही म्हण कुणीतरी मला बघूनच केली असावी.

मशीन बिघडलेली नव्हती

गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात अंगणवाडीत साखर तपासायचं शिबिर होतं. बाया बोट पुढे करायला घाबरत होत्या. "काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटतं," असं मी सकाळपासून सांगत होते, स्वतः एकदाही बोट न टोचून घेता. रांग संपली तशी नर्सबाई म्हणाल्या, "बाई, आता तुमी." मी टाळणार होते, पण चार बाया बघत उभ्या होत्या. बोट दिलं.

मशीनवर आकडा आलाच नाही. त्याच्या जागी दोन इंग्रजी अक्षरं आली. मी म्हटलं, मशीन बिघडली वाटतं. नर्सबाईंनी दुसऱ्या हाताचं बोट टोचलं, पुन्हा तीच अक्षरं. मग त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं आणि हळूच सांगितलं की साखर मशीनच्या मापाबाहेर गेली की असं दिसतं.

सहा महिने मी घागरभर पाणी पीत होते. ब्लाउज सैल झाले होते, तेव्हा शिंप्याला नावं ठेवली होती. दुसऱ्या कुणा बाईने हे सांगितलं असतं तर मी तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं.

ऐकल्यावर मला काय वाटलं, हे लोक फार विचारतात. काही नाही वाटलं. राहिलेल्या तीन पोरांची वजनं घेतली, रजिस्टर भरलं, कुलूप लावलं आणि घरी गेले. आमचे हे तेव्हाच धानाच्या बांधीतून, म्हणजे भाताच्या खाचरातून आले होते, पायाचा चिखल धूत होते.

"भंडाऱ्याले भरती व्हा लागते म्हनते," मी म्हटलं.

"कोन?"

"मी."

यांनी तांब्या खाली ठेवला. एका पायाचा चिखल तसाच राहिला होता, तो तसाच घेऊन आत गेले आणि माझी पिशवी भरायला लागले. दोन साड्या, टॉवेल, फणी. मी ओट्यावर बसून बघत होते, जणू शेजारची कुणी बाई चालली आहे.

भंडाऱ्याचे सहा दिवस

यांचं नाव देवराव. लिहिताना चालतं, बोलताना मी अजून घेत नाही. दिवसाला वीस-पंचवीस शब्द बोलणारा माणूस, त्यातले दहा बैलांशी.

वॉर्डात दिवस सुयांवर चालायचा. नाश्त्याआधी बोट टोचायचं, मग दंडाला सुई, जेवणाआधी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी बोटांची टोकं चाळणीसारखी झाली. मी निमूट हात पुढे करायची. सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही फार शांत पेशंट आहात." मी शांत वगैरे नव्हते. आत काही हलतच नव्हतं, एवढंच.

शेजारच्या खाटेवर तुमसरच्या राईस मिलमध्ये काम करणारी एक बाई होती. तिच्या पायाची जखम भरत नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने न विचारता मला पुढ्यात बसवलं आणि माझे केस विंचरून वेणी घातली. म्हणाली, "आजारी मानसाचे केस बिखरलेले असले ना, का डाक्टरबी घाबरते." रोज सकाळी ती वेणी घालायची. अशा वेळी डोळ्यांत पाणी यावं अशी रीत आहे. माझ्या आलं नाही. पण तिचे हात मला अजून आठवतात, भाताच्या कोंड्याने खरखरीत झालेले आणि फार हलके.

डॉक्टर राऊंडला आले तेव्हा म्हणाले, "गोड पूर्ण बंद. आणि भात कमी करा."

हे खाटेच्या पायथ्याशी उभे होते. सहा दिवसांत डॉक्टरांशी एकदाच बोलले ते तेव्हा. "साहेब, गोडाचं समजलं. पन धानाच्या गावात भात नाई खायचा, तं मंग खायचं काय?"

डॉक्टर हसले, मग त्यांनी भाकरी, डाळ, पालेभाजी असं सगळं नीट समजावून सांगितलं. यांनी मान डोलावली. पण मला माहीत होतं, यांच्या डोक्यात दोनच शब्द पक्के बसले: गोड बंद.

दवाखान्यातून सुट्टी झाली त्या दिवशी हे खाली औषधाच्या रांगेत होते, तेव्हा सिस्टरने मला एकटीला शिकवलं. सुई कशी घ्यायची, इन्सुलिन कसं ठेवायचं. शेवटी म्हणाली, "आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. सुई घेऊन जेवण कमी पडलं, तर साखर एकदम खाली येते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोकं चालत नाही. तेव्हा लगेच तीन चमचे साखर खायची, पंधरा मिनिटं थांबायचं, बरं नाही वाटलं तर पुन्हा खायची. साखरेची पुडी कायम जवळ ठेवा. घरच्यांनाही सांगून ठेवा."

मी हो म्हटलं. पुडीचं ऐकलं. घरच्यांना सांगायचं ते नाही ऐकलं.

का नाही सांगितलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. यांना कळलं असतं की मी वाटेत कुठेही पडू शकते, तर यांनी मला टोलीवर एकटीला जाऊ दिलं नसतं. आमच्या गावाची टोली, म्हणजे लहान वस्ती, दीड कोस दूर आहे, वाट मोहाच्या झाडांतून जाते. तिथल्या पोरांची वजनं मलाच घ्यावी लागतात. ते काम गेलं असतं तर माझ्याकडे फक्त आजार उरला असता.

गोड बंद

आम्ही घरी पोचलो त्याच दिवशी यांनी साखरेचा डबा शेजारी देऊन टाकला. गुळाची ढेपही दिली. मग कुंभाराकडून एक लहान गाडगं आणलं, त्यात ओली रेती भरली आणि माझं इन्सुलिन त्यात ठेवलं, कारण आमच्याकडे फ्रिज नाही. रोज सकाळी त्या रेतीवर पाणी शिंपडायचं काम यांनी स्वतःकडे घेतलं. मला अशक्तपणा होता म्हणून माझ्या साड्याही बोडीवर, म्हणजे शेताजवळच्या तळ्यावर नेऊन धुवायला लागले. गडीमाणूस दगडावर साडी आपटतो हे बघून बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. यांनी कुणाकडेही बघितलं नाही.

नागपूरला मोबाईलच्या दुकानात कामाला असलेला आमचा मुलगा प्रशांत आला तो शुगर-फ्रीची डबी घेऊन. छोट्या पांढऱ्या गोळ्या, आणि पावडरचा एक डबा. "आई, यानं साखर वाढत नाही. चहा पी बिनधास्त," म्हणाला. हे ऐकून यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडा उजेड आला. त्या दिवसापासून घरात एकच चहा, गोळीचा. स्वतःही तोच पिऊ लागले. मी म्हटलं, "तुमी कायले पिता? तुमाले कुठी साखर हाये?" तर म्हणाले, "दोन गंज कोन घासन?"

गंज, म्हणजे चहाचं पातेलं, मीच घासत होते, ते असो.

पाव्हण्यांनाही तोच चहा. यांची चुलत बहीण आली होती, फटकळ तोंडाची. पूर्ण कप प्यायली, थोडा वेळ जीभ टाळूला लावत बसली आणि म्हणाली, "चाय गोड हाये वयनी, पन हे गोड तोंडातून जातच नाई वो. साखर कशी, आली का गेली. हे बसूनच राह्यलं."

आम्ही हसलो. या गोळ्यांना मी नावं ठेवत नाही. मला चहा सुटला नाही तो त्यांच्यामुळेच. त्या ज्या कामाच्या आहेत ते काम नीट करतात.

पुडीसाठी साखर मी शेजारूनच मागून आणली. कागदाची घट्ट पुडी बांधली. सकाळी पदराच्या टोकाला गाठ मारून त्यात ठेवायची, संध्याकाळी सोडून आरशाजवळच्या कोनाड्यात. पैसे, सुपारी, घराची किल्ली, आमच्याकडच्या बाईचं सगळं पदराच्या गाठीत असतं, कुणी विचारत नाही.

मंडईतली जिलेबी

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. पाव्हणे येतात, दुकानं लागतात, रात्री दंडारीचं नाटक होतं. आमच्या गावच्या मंडईत मी एका दुकानामागे उभी राहून जिलेबी खाल्ली. दोन वेढे. खोटं कशाला बोलू? पण मला ती आवडलीसुद्धा नाही. काहीतरी वाटतं का ते बघायला खाल्ली. गरम होती, गोड होती, पण मला काही वाटलं नाही. कागद टाकायला वळले तर समोर हे उभे.

यांनी मला बघितलं, मी यांना. हे वळून गर्दीत निघून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. तीन दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज होता.

त्या वेळी मी सांगू शकले असते. जिलेबीचंही, पुडीचंही. हे विचारू शकले असते. आम्ही दोघंही आपापल्या जागी गप्प बसलो आणि त्याला समजूतदारपणा समजलो.

मोहाखाली

चैत्राची सकाळ होती. ऊन चढायच्या आधी टोलीवर जायचं म्हणून सुई लवकर घेतली. भाकरी अर्धी खाल्ली, अर्धी झाकून ठेवली, येऊन खाऊ म्हटलं. कोनाड्यातली पुडी पदरात बांधली, टांगायचा वजनकाटा खांद्याला लावला आणि निघाले. ही चूक माझी. सुई पूर्ण आणि जेवण अर्धं, असं कधी करू नये.

निम्म्या वाटेवर घाम सुटला. उन्हाचा नव्हता, गार होता. मग हात थरथरले. सिस्टरचं सगळं बोलणं जसंच्या तसं आठवलं. घाबरले नाही. मोहाच्या एका झाडाखाली बसले, दातांनी पदराची गाठ सोडली आणि पुडीतली सगळी साखर तोंडात टाकली. कडक गोड होती. बरं वाटलं. आता पंधरा मिनिटं थांबायचं.

मी थांबले. घाम वाढला. समोरची झाडं दोन-दोन दिसायला लागली. बोटं माझी राहिली नाहीत. आणि तोंडातलं ते गोड मात्र तसंच होतं. थुंकी गिळली, तरी गोड. पुन्हा गिळली, तरी गोड. नणंदेचा आवाज कानात आला, हे बसूनच राह्यलं.

पुडीत साखर नव्हती. शुगर-फ्रीची पावडर होती.

हे कळल्यावरही मला भीती वाटली नाही, आणि लिहिताना त्याचीच जास्त भीती वाटते. मनात एवढंच आलं की वजनकाटा सरकारी आहे, तो कुणीतरी परत नेऊन द्यायला हवा. मग मी आडवी झाले. गालाखाली काहीतरी ओलं, गार लागलं. मोहफुलं होती, रात्रभर गळलेली. त्यांचा वास नाकात गेला आणि डोक्यात कुठेतरी मीच बोलले. बावीस वर्षं जे आयांना सांगत आले तेच: पोराला मोहाचा लाडू द्या बाई, त्यात ताकद असते, गोडी असते.

गोडी. खरी.

हाताला येतील तेवढी फुलं, मातीसकट, तोंडात कोंबली. चावता येत नव्हतं, तरी चावत राहिले. रस घशाखाली गेला की पुढची मूठ.

टोलीवरची भागरथा टोपली घेऊन मोह वेचत तिकडे आली. तिच्या दोन्ही नातवंडांचं वजन मी घेते. ती लांबूनच हसायला लागली. "अवो बाई, कच्चेच मोह खाऊन राह्यल्या का? चढन ना!" मग जवळ आली आणि तिचं हसू थांबलं. "बाई? बोलत काहून नाई?"

मी बोलू शकत नव्हते, फक्त तिच्या टोपलीकडे हात केला. शहाणी बाई. तिने प्रश्न विचारले नाहीत. मला उठवून बुंध्याला टेकवलं, टोपलीतली स्वच्छ फुलं निवडून एकेक तोंडात दिली, मी गिळलं का ते बघून पुढचं. लहान पोराला भरवतात तसं. मध्येच मोठ्याने हाका मारून कुणाला तरी गावात धाडलं. किती वेळ गेला माहीत नाही. झाडं दोनाची एक झाली. मग मला भागरथाच्या नाकातली चमकी दिसली आणि ती रडत असल्याचंही दिसलं.

विचारायचं होतं

हे मोटरसायकल घेऊन आले आणि मला दवाखान्यात नेलं. तिथे नर्सबाईंनी बोट टोचलं, ग्लुकोजचं पाणी पाजलं, बिस्किटं खायला लावली आणि रागावल्या. "बाई, तुम्ही दुसऱ्यांना शिकवता ना? साखरेची पुडी जवळ नव्हती का?"

हे दाराजवळ उभे होते. माझ्या पदराचं सुटलेलं टोक त्यांना दिसत होतं. पुडीचा रिकामा कागद अजून माझ्या मुठीत होता.

"घरी विसरले," मी म्हटलं.

परत येताना बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, यांनी गाडी थांबवली. खाली उतरले, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"खोटं काहून बोलली?"

"मंग काय सांगू?"

मग एवढं बोलले, जेवढं मी एका दमात कधी ऐकलं नव्हतं. "साडी धुवाले घेत होतो, तं कोनाड्यात पुडी दिसली. चाखून पाह्यली, साखर. मनलं, जिलेबी झाली, आता चोरून साखर खाऊन राह्यली. बोलून काय फायदा? तुले गोड पायजे तं गोड देऊ. तोंडाले लागन, आंगाले लागनार नाई. म्हून पावडर भरली. मले काय मालूम, तिच्यावर तुहा जीव अटकून होता म्हून?"

आणि तेव्हा, भादव्यापासून पहिल्यांदा, मला काहीतरी झालं. रडू नाही. राग आला. असा राग की कान गरम झाले. मी गाडीवरून उतरले आणि भर रस्त्यात या माणसावर ओरडले. "विचारायचं होतं ना! तोंड हाये ना देवानं दिलेलं? तीस वर्षं झाली, एक डाव तं विचारायचं होतं, सुमन, हे काय हाये म्हून!"

"तू सांगायचं होतं ना," हे म्हणाले. ओरडून नाही. रडत.

म्हशी घेऊन चाललेला एक म्हातारा थांबून आमच्याकडे बघायला लागला. बघू दिलं. मीही रडले, पोटभर. सगळं दुखलं. गुडघा दुखत होता, पडताना लागला असणार. बोटांची भोकं दुखत होती. मला मरायचं नव्हतं, हे मला त्या पाळीवर कळलं. मेलेच असते, हेही.

घरी आल्यावर मी यांना समोर बसवून सगळं सांगितलं, जसं अंगणवाडीत बायांना सांगते तसं. घाम, थरथर, तीन चमचे, पंधरा मिनिटं. शुगर-फ्रीने साखर वाढत नाही, म्हणून ती चहात चालते आणि म्हणूनच ती अशा वेळी वाचवत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग हे उठले, शेजारी गेले आणि सहा महिन्यांनी वाटीभर साखर घरात आली.

आता टोलीवर मी जाते, हे अडवत नाहीत. फक्त पुडी मी बांधायची नाही, असं ठरलं आहे. सकाळी गाडग्यातल्या रेतीवर पाणी शिंपडून झालं की हे माझ्यापुढे उभे राहतात. पुडी भरायच्या आधी चिमूटभर स्वतःच्या जिभेवर ठेवतात आणि तोंड मिटून थांबतात. मला उशीर होत असतो. मी म्हणते, "झालं का?" हे हातानेच थांब म्हणतात. जिभेवरची गोडी पूर्ण जाईपर्यंत थांबतात. गेली की म्हणतात, "हां, साखरच हाये." मग माझ्या पदराला गाठ मारतात.